सगळ्यांनी मिळून लिहिलेली एकांकिका उभी करताना (नागपूरच्या कॉलेजवाल्यांसाठी कामाचा धागा)

पाठपडदा

पावसाळा लागला की कॉलेजांत एकांकिकांची गडबड सुरू होते आणि ‘आम्ही सगळे मिळून नाटक लिहून राहिलो, पुढे काय करायचं?’ हा प्रश्न कुणी ना कुणी टाकतंच. तुकड्यातुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा एका जागी लिहू. संहिता आणि तालमीपासून मी सुरुवात करतो. नेपथ्य, प्रकाश, आवाज यांत ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनी खाली भर घाला. आठवणी नकोत, मापं आणि रीत सांगा.

सगळ्यांनी मिळून म्हणजे सगळ्यांनी सगळं ठरवायचं, असं नाही. सुचवायला बारा जण चालतात, पण संहितेची फाईल एकाच्याच ताब्यात हवी. बाकीच्यांनी त्यात फक्त शेरे टाकायचे. सहा जणांना एकाच फाईलमध्ये खाडाखोड करू दिली की आठवड्याभरात सगळी पात्रं एकसारखी बोलायला लागतात, कारण प्रत्येक जण दुसऱ्याचं वाक्य ‘सुधारत’ असतो.

प्रयोगाच्या तारखेपासून मागे मोजा. सहा आठवडे धरतो.

पहिले दहा दिवस उत्स्फूर्त प्रसंग. एका प्रसंगाला वीस मिनिटं, मोबाईल मधोमध ठेवून रेकॉर्डिंग. सगळं रेकॉर्डिंग उतरवून काढायच्या फंदात पडू नका. त्याच रात्री प्रत्येक प्रसंगातून तीनच गोष्टी वहीत घ्या: कुणाला काय हवं होतं, ते कशामुळे अडलं, आणि ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहिलेलं एखादं वाक्य. ज्या प्रसंगात पहिल्या दोन गोष्टी सापडत नाहीत तो गमतीदार असला तरी सोडा.

पंधराव्या दिवशी प्रसंगांचा क्रम पक्का. त्यानंतर नवा प्रसंग, नवं पात्र नाही. एकविसाव्या दिवशी वाक्यं पक्की. पुढे वाक्य कापता येईल, वाढवता येणार नाही. चोविसाव्या दिवसापासून हातात कागद नाही. तिसाव्याला मोडक्यातोडक्या वस्तूंसह सलग तालीम, छत्तिसाव्याला फक्त प्रकाश-आवाजाची, चाळिसाव्याला रंगीत तालीम. एकविसाव्या दिवसाची तारीख जिथे पाळली जात नाही तिथे पुढचं सगळंच घसरतं. पाठांतर उशिरा, मग हालचाली कच्च्या, मग क्यू (दिवे-आवाज कधी बदलायचे त्या खुणा) कुणालाच माहीत नाहीत.

वेळेचं गणित: बसून मोठ्याने वाचताना घड्याळ लावा. उभं राहिल्यावर हालचाली, थांबे, हशा धरून पाचवा-सहावा हिस्सा वाढतो. तीस मिनिटांची मर्यादा असेल तर वाचन बावीस-तेवीस मिनिटांतच संपलं पाहिजे. वाचन अठ्ठावीसला जात असेल तर ‘पटापट बोलू’ हा उपाय नव्हे, एक प्रसंग काढा.

---

बीए_दुसरं_वर्ष

दादा, आमच्यात पाच लेखक आहेत आणि दिग्दर्शकही दोन. फाईल एकाकडे दिली तर बाकीचे म्हणतात, मग हे सामूहिक कसं?

---

पाठपडदा

कामं वाटून द्या, प्रसंग वाटू नका. एकाकडे घटनाक्रम, एकाकडे एका पात्राची भाषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकाकडे काटछाट, एकाकडे तालमीत बदललेली वाक्यं टिपून संध्याकाळी फाईलवाल्याला देणं. प्रसंग वाटले की पाच वेगळी नाटकं होतात आणि जोड उघडे पडतात.

दोन दिग्दर्शक असतील तर तालमीत नटाशी बोलणारा एकच. दुसऱ्याने पाचव्या रांगेत बसून वहीत लिहायचं आणि तालीम संपल्यावर पहिल्याला सांगायचं. नटाला दोन तोंडांनी दोन सूचना मिळाल्या की तो दोन्ही सोडून आपलंच काहीतरी करतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

---

नियमपुस्तक

कागदपत्रांचं मी लिहिते. कंटाळवाणं आहे, पण याच्यावरून संघ बाद होतात.

युवा महोत्सवासाठी करत असाल तर भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांत एकांकिकेला ३० मिनिटं आहेत. मंचावर जास्तीत जास्त ९ जण, साथीला ३. मंच मोकळा मिळतो. सेट लावायला आणि काढायला मिळून १० मिनिटं. इशारा झाला किंवा तुम्ही ओळख करून द्यायला लागलात, यातलं जे आधी घडेल तिथून घड्याळ सुरू. म्हणजे ‘नमस्कार, आम्ही सादर करत आहोत…’ ही मिनिटभराची प्रस्तावना तुमच्याच तीस मिनिटांतून जाते. मराठी प्रयोग असेल तर हिंदी किंवा इंग्रजी सारांश नोंदणीच्या दिवशी द्यावा लागतो. हे आंतरविद्यापीठ पातळीचं झालं. आपल्या विद्यापीठाचं त्या वर्षीचं परिपत्रक वेगळं वाचा. पुरुषोत्तम करंडक, लोकसत्ता लोकांकिका या एकांकिका स्पर्धांचे नियम स्वतंत्र आहेत, एकाचे दुसऱ्याला लावू नका. आधी नियम आणि मग पात्रसंख्या, हाच क्रम ठेवा. अकरा जणांचं नाटक लिहून झाल्यावर ९ हा आकडा दिसला तर एकविसाव्या दिवशी पक्की केलेली संहिता पुन्हा उघडावी लागते.

नवीन संहिता आहे म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (संहिता तपासून प्रमाणपत्र देणारं सरकारी मंडळ) पाठवायची. बहुतेक स्पर्धांच्या अर्जात त्या प्रमाणपत्राचा क्रमांक मागतात. प्रमाणपत्र मिळतं ते पाठवलेल्या मजकुराला, म्हणून वाक्यं पक्की झाल्यावरच पाठवा आणि पाठवलेली प्रत वेगळी जपून ठेवा. घाईने कच्चा मसुदा पाठवायचा आणि प्रयोगात तिसरंच बोलायचं, हे करू नका.

आता नावाचं. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे ज्यांचं काम एकमेकांपासून वेगळं काढता येत नाही ते संयुक्त लेखक. प्रवेश अर्जावर मात्र लेखकासाठी एकच ओळ असते. बक्षीस मिळाल्यावर या एका ओळीवरून वर्षभराची मैत्री तुटते. पहिल्याच आठवड्यात अर्ध्या पानाचा कागद करा: लेखक म्हणून नावं कोणती आणि कोणत्या क्रमाने, लेखनाचं बक्षीस कसं वाटायचं, पुढच्या वर्षी संघातले काही जण पास होऊन गेले तर प्रयोगाची परवानगी कोण देणार. सगळ्यांच्या सह्या. ‘आपल्यात कशाला कागद’ म्हणणाऱ्याची सही पहिली घ्या.

सिनेमाचं गाणं पार्श्वसंगीताला वापरणाऱ्यांसाठी: याच कायद्याच्या कलम ५२ मधली सूट शैक्षणिक संस्थेतल्या प्रयोगापुरती आहे, तीही प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेले लोक एवढेच असतील तर. बाहेरच्या प्रेक्षकांसमोर ती गृहीत धरता येत नाही. त्यापेक्षा कॉलेजातल्या हार्मोनियमवाल्याला धरा.

---

झाडीचा_माणूस

पाठपडदा यांनी ‘एका पात्राची भाषा एकाकडे’ म्हटलं ते आपल्याकडे दुप्पट लागू आहे. नागपुरात बसून बोलीतलं नाटक लिहिताना पोरं वऱ्हाडी, झाडीबोली आणि शहरातली हिंदीमिश्रित मराठी यांची खिचडी करतात. परीक्षकाला कळो न कळो, तिसऱ्या रांगेतल्या भंडाऱ्याच्या माणसाला लगेच कळते.

ढोबळ ताळा सांगतो. ‘डोळा’ शब्द घ्या. वऱ्हाडीत ‘डोया’, झाडीत ‘डोरा’. एका घरातल्या दोन सख्ख्या भावांपैकी एक डोया म्हणतो आणि दुसरा डोरा, तर त्याला संहितेत कारण हवं. ‘ण’चा ‘न’ दोन्हीकडे होतो, म्हणून पानी, लोनी लिहिलं की काम भागलं असं वाटतं. तेवढ्याने भागत नाही. शहरातलं पोरगं ‘जाऊन राहिलो बे’ म्हणेल. त्याची आजी गावची असेल तर ती ‘बे’ म्हणणार नाही.

करायचं काय? पात्राचं गाव ठरवा, नुसता जिल्हा नको. त्या भागातला एखादा वर्गमित्र गाठून त्याच्याकडून त्या पात्राची सगळी वाक्यं एका बैठकीत बोलून घ्या आणि रेकॉर्ड करा. नटाने कागदावरून पाठ न करता त्या रेकॉर्डिंगवरून करावं. बोली हेलात असते, शुद्धलेखनात नाही. आणि बोली बोलणारं पात्र प्रत्येक वेळी विनोदीच का असतं बाप्पा, याचाही विचार लेखकांनी करावा.

---

लाकूडफाटा

नेपथ्य. सभागृहाचं माप घेतल्याशिवाय एक खिळाही ठोकायचा नाही. टेप घेऊन जा आणि पाच आकडे लिहून आणा: दर्शनी पडद्याच्या रेषेवर रुंदी, तिथून पाठपडद्यापर्यंत खोली, विंगेत (मंचाच्या बाजूच्या आडोशात) उभं राहायला जागा किती, वर झालरीपर्यंत उंची, आणि सामान आत येतं त्या दरवाजाची रुंदी-उंची. शेवटचा आकडा सगळे विसरतात. देशपांडे सभागृह असो, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह असो की लक्ष्मीनगरचं सायंटिफिक, एकाचं माप दुसऱ्याला चालत नाही. घेतलेलं माप तालमीच्या खोलीत फरशीवर चिकटपट्टीने आखा. खोली लहान असेल तर निदान दारं, पायऱ्या आणि लेव्हल (मंचावरचे उंच चौथरे) खऱ्या अंतरावर आखा.

फ्लॅट (लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेली नेपथ्याची भिंत) घरी करणाऱ्यांसाठी हिशेब. ८ बाय ४ फुटांचा एक फ्लॅट: २ बाय १ इंची पट्टी. दोन उभ्या ८ फुटी, तीन आडव्या सुमारे ४ फुटी, दोन कोपऱ्यांत तिरके आधार अडीच-अडीच फुटी. झाले ३३ फूट. कापताना वाया जाणारं धरून ३६ घ्या. चार कोपऱ्यांना प्लायचे आठ इंची त्रिकोण, खिळ्यांऐवजी स्क्रू, म्हणजे पुढच्या वर्षी उकलता येतो. लकडगंजात पट्टी घेताना डोळ्यासमोर आडवी धरून एका टोकाकडून पाहा. वाकडी असेल तर तिथेच परत करा. पावसाळ्यात ओली पट्टी मिळते, ती सुकताना पीळ खाते आणि दार लावलेला फ्लॅट नेमका त्याच वेळी अडतो.

कापड मांजरपाट. इथे पन्ह्याची (कापडाच्या रुंदीची) चूक होते. ४ फुटी फ्लॅटला ४८ इंची पन्हा पुरत नाही, दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच मागे वळवायला हवं. ५४ इंच लागतो. गांधीबागेत तो पन्हा नाहीच मिळाला तर फ्लॅट साडेतीन फुटी करा, पण मधे शिवण घेऊ नका. बाजूने प्रकाश पडला की शिवण रेघेसारखी दिसते. कापड ताणताना मधून कोपऱ्यांकडे जा. एका टोकापासून सुरुवात केली तर दुसऱ्या टोकाला झोळ येतो. मग एक भाग फेव्हिकॉलला चार भाग पाणी करून एक हात मारा, सुकलं की डिस्टेंपर. ऑइल पेंट नको, दिव्याखाली चमकतो. दमट हवेत कापड ढिलं पडतं, पहिल्या हातात पुन्हा ताणलं जातं. ढिलं दिसलं म्हणून सुकायच्या आधीच उपसून पुन्हा ठोकू नका, फाटेल.

आगीचं. सुती कापडाला रंगाआधी हे पाणी पाजा: एक लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ५० ग्रॅम बोरिक ॲसिड. पूर्ण भिजवून सुकवा. तुकडा कापून मोकळ्या जागी काडी लावून तपासा: काळा पडून विझला पाहिजे, ज्योत चढता कामा नये. पाण्याने धुतलं की हा गुण जातो. पॉलिस्टरला हे लागू नाही, ते वितळून थेंब पडतात, म्हणून दिव्यांजवळ साड्यांचे पडदे नकोत.

---

पाठपडदा

लाकूडफाटा, माहिती उत्तम, पण दहा मिनिटांत सेट लावून काढायच्या स्पर्धेला फ्लॅट कशाला? काळा पडदा, दोन लेव्हल, एक दाराची चौकट. नवख्या संघाने एवढ्यातच राहावं.

---

लाकूडफाटा

काळ्या पडद्यापुढे सगळी नाटकं एकाच घरात घडल्यासारखी दिसतात. चार फ्लॅट, आठ माणसं, बिजागरीने दोन-दोन जोडलेले. पुस्तकासारखे उघडून उभे केले की स्वतःच्या कोनावर राहतात, मागे तिरका टेकू आणि त्यावर १०-१२ किलोची वाळूची थैली. चार मिनिटांत लागतात. थैली दुहेरी करा, सिमेंटच्या गोणीतून वाळू झिरपते आणि मंचावर पाय घसरतो.

दाराची चौकट एकटी उभी करणं उलट अवघड. दार आपटलं की चौकट हलते आणि प्रेक्षक हसतात. दार आपटायचंच असेल तर चौकटीला दोन्ही बाजूंनी दीड-दीड फुटाचे कान द्या, दोन टेकू लावा. लेव्हलबद्दल: ६ बाय ३ फूट, एक फूट उंच, वर १८ मिलिमीटर प्लाय. पाऊल पोकळ वाजतं, म्हणून वर गोणपाट ताणून बसवा, मग रंगवा. शोकाच्या प्रसंगात धाड धाड आवाज बरा वाटत नाही.

---

डिमरवाली

प्रकाशाकडे वळण्याआधी कॉलेजच्या जुन्या हॉलमध्ये प्रयोग करणाऱ्यांनी वीज मोजावी. एक हजार वॅटचा पारकॅन (डब्यासारखा मंचाचा दिवा) २३० व्होल्टला ४.३ अँपिअर घेतो. १६ अँपिअरच्या जागेवर तीन म्हणजे १३. चौथा लावलात तर १७.४. तालमीत हे कळत नाही, कारण दिवे अर्ध्यावर असतात. शेवटच्या प्रसंगात सगळे पूर्ण वर गेले की एमसीबी पडतो. नाटक वाईट ठिकाणी थांबतं ते नशिबाने नव्हे, गणिताने. त्याच लाइनीवर हॉलचे कूलर असतील तर ते आधी काढा. आवाजाची यंत्रणा दिव्यांच्या फेजवर नको, डिमरची (दिवे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) गुणगुण स्पीकरमधून येते. जोडण्या हॉलच्या वायरमनकडून करून घ्या, स्वतः बोर्ड उघडू नका.

कूलरवरून: आपल्याकडे तालमीच्या खोलीत डेझर्ट कूलर घोंघावत असतो आणि नट त्याच्यावर आवाज चढवून बोलायला शिकतात. मग वातानुकूलित सभागृहात पहिली पाच मिनिटं ओरडल्यासारखी होतात. याचंच उलटं टोक म्हणजे लहान शांत खोलीत पुटपुटायची सवय. शेवटच्या दहा दिवसांत रोज निदान एक तालीम कूलर बंद ठेवून, दिग्दर्शकाने खोलीच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यात पाठ करून उभं राहून ऐका. जो शब्द कळला नाही त्यावर वहीत खूण. बहुतेक वेळा वाक्याचा शेवटचा शब्द गेलेला असतो, आणि मराठीत क्रियापद तिथेच बसलेलं असतं.

रंग: वेशभूषा ठरायच्या आधी प्रकाशवाल्याला बोलवा. हिरवी साडी लाल उजेडात काळपट दिसते. गर्द निळं जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद) सर्वांत आधी जळतं, जादा तुकडे ठेवा. एलईडी पार घेतलेत तर ब्लॅकआउटकडे जाताना शेवटच्या टप्प्यात स्वस्त दिवे एकदम गपकन विझतात. हळुवार अंधार हवा असेल तर शेवटचा दिवा हॅलोजन ठेवा.

क्यू शीटमध्ये वेळ लिहू नका, वाक्य लिहा. ‘१२ मिनिटांनी निळा’ हे निरुपयोगी. ‘“आई, दार लाव” मधला “लाव” संपला की क्यू ९, पाच मोजून’ हे उपयोगी. तीस मिनिटांत वीस-बावीस क्यूंपेक्षा जास्त नकोत. सभागृहाच्या ऑपरेटरला तुमचं नाटक पहिल्यांदाच दिसत असतं.

आवाज: प्रत्येक तुकडा वेगळी फाईल, नावाच्या सुरुवातीला ०१, ०२. पुढचं गाणं आपोआप वाजण्याची सोय बंद. लॅपटॉपचं इंटरनेट बंद, फोन वापरत असाल तर विमान मोड. गुणगुण येत असेल तर आधी चार्जर काढून पाहा, निम्म्या वेळा तिथेच सुटतं. मंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेल्या माइकखाली इंचभर स्पंज घाला, नाहीतर लाकूडफाट्यांच्या लेव्हलवरची पावलं संवादांपेक्षा मोठी येतील. रिकाम्या हॉलमध्ये लावलेला आवाज भरल्या हॉलमध्ये कमी वाटतो, थोडा वर ठेवा.

---

बीए_दुसरं_वर्ष

ताई, नाटकात खरा दिवा लावायचा आहे, समई. चालेल का?

---

डिमरवाली

सभागृहाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. वातीच्या जागी बसणारा बॅटरीचा पिवळा दिवा घ्या आणि समईवर वरून एक मंद अंबर (पिवळसर केशरी) उजेड टाका. प्रेक्षकांना ज्योत दिसते ती नटाच्या हाताच्या काळजीने. तेल मंचावर सांडलं की पुढच्या संघाचा माणूस पडतो.

---

तिसरीघंटा

बॅकस्टेजचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सेट लावायची तालीम ही वेगळी तालीम आहे. निदान सहा वेळा, घड्याळ लावून, नटांशिवाय आणि नटांसह. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी: ‘माणूस ३: फ्लॅट क, मग थैली ५, मग विंग, उजवी.’ फ्लॅटच्या मागे मोठा क्रमांक आणि वरच्या बाजूला बाण. उजवी म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या नटाची उजवी, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या डोक्यात बसवा, नाहीतर दहापैकी तीन मिनिटं एकमेकांना धडकण्यात जातात.

वस्तूंसाठी विंगेत एक टेबल, वर पांढरा कागद, प्रत्येक वस्तूची रेघेने आखलेली जागा आणि नाव. जागा रिकामी दिसली की वस्तू कुणाकडे आहे ते विचारायचं. नटाने वस्तू घरी नेऊ नये, चष्मासुद्धा.

अंधारात जागा दिसायला रेडियमची चिकटपट्टी, बोटाएवढे तुकडे. आधी उजेड पडला तरच ती चमकते. पाठपडद्याच्या कोपऱ्यात जिथे दिवा पोचतच नाही तिथे लावलेली पट्टी शोभेची. प्रयोगाआधी टॉर्चने अर्धा मिनिट भरून घ्या.

डिसेंबरात सिव्हिल लाइन्सला प्रयोग असेल तर विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या तारखा पाहून ठेवा. बंदोबस्त आणि मोर्चे असले की सामानाची गाडी वळसे घालत येते. नटांच्या दोन तास आधी सामान पोचेल असं निघा.

---

बीए_दुसरं_वर्ष

गाडी कोणती सांगायची? छोटा हाथी (टाटा एस) पुरेल का?

---

लाकूडफाटा

त्याचा हौदा सव्वासात फूट लांब, पावणेपाच-पाच फूट रुंद. ८ फुटी फ्लॅट मागून नऊ-दहा इंच बाहेर राहतो, फाळका उघडा ठेवून दोरीने बांधावा लागतो. चार फ्लॅट, दोन लेव्हल, थैल्या एका फेरीत बसतात. लेव्हल तळाशी उलट्या ठेवा, त्यांच्या पोटात थैल्या. फ्लॅट उभे, कडेवर, कापडाला कापड लावून आणि मधे जुनी चादर. आडवे रचलेत तर सर्वांत खालच्यात वरच्याचा स्क्रू घुसतो. पाऊस असेल तर वर ताडपत्री, पण ती हौद्याला बांधा. फ्लॅटला बांधलीत तर वाऱ्याने फ्लॅटच शिडासारखा फुगतो. टेप, स्क्रू ड्रायव्हर, सुईदोरा आणि उरलेला रंग या गाडीत टाकू नका. ती पेटी रिक्षाने तुमच्याबरोबर आणा.